पोटातली पंगत

पुणे, १२ जून २००२

ती. आत्या,

वाकून नमस्कार करायचा तर आता पोट मध्ये येतं, म्हणून हा कागदावरूनच घे. बरोबर वाचलंस. मला सहावा महिना लागला. पहिले महिने कुणाला सांगू नये हे तूच शिकवलेलं, म्हणून गप्प बसले. नंतर फोन केला तर तू शेजारच्या केशरबाईंच्या घरात उभी आणि त्यांचं सगळं घर कान देऊन बसलेलं. "बरं बरं, ठेवते" म्हणून तू ठेवलास. म्हणून हे पत्र. दवाखान्यात दसऱ्याच्या आसपासची तारीख दिली आहे.

नोकरी चालू आहे. प्रयोगशाळेत तेच काम, माणूस काय खातो आणि त्याच्या आतड्यांत त्याचं काय होतं ते बघायचं. तू त्याला लोकांची घाण चिवडणं म्हणतेस. विकासही तेच म्हणतो, फक्त जेवताना म्हणत नाही.

आता खरं लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. इथल्या बायका विचारतात, माहेरी कधी निघालीस, आणि मी म्हणते, बोलावणं आलं की. विकासची आई, रूपाबाई, तांड्यावरून सारखा निरोप धाडतात, पोरीला पुसेगावला आणा म्हणून. त्या फार मायाळू आहेत. पण आई गेल्यावर मला तू वाढवलंस. मला त्या वेळी तू हवी आहेस, दुसरं कुणी नको.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. रजिस्टर लग्न, तांड्यावरचा मुलगा, तुम्ही आला नाहीत, ते मी मनात ठेवलं नाही. विकास औंढ्याला आला तेव्हा तू त्याला पाटावर बसवून पुरणपोळी वाढलीस हे मी पाहिलं आहे. पण आमच्या घरी तू अजून एकदाही आली नाहीस. तेवढंच टोचतं. लवकर लिही.

तुझी
जान्हवी


औंढा नागनाथ, २४ जून २००२

चि. जान्हवी,

पत्र वाचून आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग चष्मा पुसला. आशीर्वाद वेगळा लिहीत नाही, ह्या सगळ्या पत्रात तोच आहे.

अगं, सहावा महिना लागल्यावर सांगतेस? पुण्याची हवा लागली तुला. रिक्षात बसायचं नाही, खड्ड्यांतून आदळतात मेल्या. डोहाळे कसले लागले ते लिही. तुझ्या आईला भर थंडीत कैरीचे लागले होते आणि तुझा बाप सायकल घेऊन हट्टा गावापर्यंत हिंडला होता. मिळाली नाही ती नाहीच. शेवटी चिंचेवर भागवलं.

माहेरपणाचं म्हणशील तर यंदा पाण्याची फार तकलीफ आहे. नळ आला तर आला. अशा घरात ओली बाळंतीण कशी ठेवू? तुझा बाप आणि मी, दोन म्हातारी माणसं. पुण्यात दवाखाने चांगले, तू तिथंच राहावंस. मी विचार करून लिहिते आहे, रागावू नकोस.

मी ठणठणीत आहे. उपास थोडे वाढवलेत. सोमवार होताच, आता गुरुवार आणि शनिवारही धरला. साबुदाणा, राजगिऱ्याचा लाडू, दूध. हलकं वाटतं. तू मात्र उपास करायचा नाहीस.

आत्या

(इथं ताईने चार बोटं जागा ठेवली आहे, म्हणून लिहितो. वाचून फार आनंद झाला. ताई हल्ली दिवसभर परसातच असते, त्यामुळे माझ्या चहाचे हाल आहेत. बाकी क्षेम. आण्णा.)


पुणे, ६ जुलै २००२

आत्या,

पत्र मिळालं. परत परत वाचलं. तरी कळेना.

पाणी नाही लिहितेस आणि आण्णा लिहितात, ताई दिवसभर परसात असते. काय लावलं आहेस एवढं? दोडके का? म्हणजे दोडक्यांना पाणी आहे आणि बाळंतिणीला नाही, असंच ना? हे खोडायचं होतं, पण राहू दे, जे वाटलं ते लिहिलं.

बरं, मी येत नाही. मग तू ये. दसऱ्याच्या आधी ये आणि महिनाभर राहा. ओटा घासूनपुसून देईन, तुझ्या देवांना कोपरा देईन. विकास घरात अंडंसुद्धा आणत नाही, खायचं ते बाहेर खातो. तूच शिजव, तुझ्या पद्धतीनं शिजव, आम्ही तुझ्या हातचं खाऊ. आणखी काय करू ते सांग. मला हल्ली झोप लागत नाही. बाळ हलतं, मी उठून बसते आणि वाटतं, आत्या नाही म्हणाली तर काय करायचं.

फक्त येते एवढं लिही.

जान्हवी


औंढा नागनाथ, २२ जुलै २००२

चि. जान्हवी,

चातुर्मास लागला. यंदा मी परान्न न घेण्याचा नेम धरला आहे. दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा नाही. नेम मोडता येत नाही. परसात काही लावलेलं नाही. कार्डावर जास्त लिहीत नाही, पोस्टमन वाचतो. दूध घेत जा.

आत्या


पुणे, ३ ऑगस्ट २००२

आत्या,

परान्न! माझं घर तुला परकं. एवढा एक शब्द लिहायला तुला पंधरा दिवस लागले. मीच मूर्ख, ओटा घासायला निघाले होते.

सरळ लिही ना, की लमाणाच्या घरात मी जेवणार नाही. विकासला पाटावर बसवून वाढायला तुझं काही जात नव्हतं, घर तुझं होतं, ताट तुझं होतं. त्याच्या घरच्या ताटात जेवायची वेळ आली की चातुर्मास लागतो. विकासनं कार्ड वाचलं. बराच वेळ नळाखाली भांडी घासत बसला, घासलेलीच.

येऊ नकोस तू. रूपाबाई येतील. त्यांना कसला नेम नाही.

जान्हवी


औंढा नागनाथ, १३ ऑगस्ट २००२

चि. जान्हवीस बापाकडून,

विषय: ताईची प्रकृती.
संदर्भ: जूनच्या पत्रातली माझी एक ओळ आणि तीवरून झालेला घोटाळा.

तहसिलातली नोकरी सुटली, लिहायची सवय सुटत नाही, हसू नकोस. तुझं शेवटचं पत्र ताईने वाचलं आणि घडी करून देवामागे ठेवलं. दोन दिवसांनी अंगणात भोवळ येऊन पडली. तेव्हा मी ते पत्र काढून वाचलं.

आपल्या परसात काय आहे? कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि संडास. मी लिहिलं परसात, म्हणजे परसाकडे. तू समजलीस दोडके. कचेरीच्या टिपणीत असा मोघम शब्द घातला असता तर साहेबाने कागद तोंडावर फेकला असता. चूक माझी आहे.

हकीकत अशी. फाल्गुनात तिच्या पायात काटा मोडला, पाय पिकला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाय बरा झाला आणि पोट सुटलं. मग त्याच गोळ्या तिने मेडिकलातून पुन्हा आणवल्या, आता पोटासाठी. जरा थांबायचं आणि मग दुपटीने सुरू व्हायचं. की पुन्हा गोळ्या. भाकरी पचत नाही म्हणून भाकरी सोडली, वरण जड म्हणून वरण सोडलं. उपास वगैरे नुसतं नाव आहे. साबुदाणा, दूध आणि बिस्किटं यांवर ती चार महिने आहे. लुगडं अंगावर राहत नाही इतकी वाळली. मला वाटायचं, उपासाने वाळली. एका घरात राहून मला कळलं नाही, याची मला शरम वाटते.

बसचं नाव काढलं की पांढरी पडते. हिंगोलीलासुद्धा गेलेली नाही. आणि आणखी एक. तुझ्या आईचं दुखणं असंच पोटापासून सुरू झालं होतं. ताईच्या मनात तेच आहे. बोलत नाही, पण म्हणूनच तपासायला जात नाही.

तुला कळवू नये अशी तिने शपथ घातली आहे. ती मोडून हे पत्र पाठवतो आहे.

आण्णा


पुणे, १९ ऑगस्ट २००२

आत्या गं,

आण्णांवर चिडू नकोस, त्यांनी मला सगळं कळवलं आहे. मी रोज अनोळखी माणसांना विचारते, दिवसातून किती वेळा, कसं, कधीपासून. कुणी लाजलं तर समजूत काढते. आणि तुला मी "कशी आहेस" यापलीकडे काही विचारलं नाही. वर तसलं पत्र लिहिलं. ते फाडून टाक.

आता मी सांगते ते नीट ऐक. आपल्या मोठ्या आतड्यात जंतू असतात, करोडो. ते वैरी नाहीत, घरचेच आहेत. भाकरीतला कोंडा, डाळीची सालं, पालेभाजीचा चोथा आपल्याला पचत नाही. तो खाली त्यांच्यापर्यंत जातो. पोटात रोज त्यांची एक पंगत बसते असं समज. ते जेवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारं पोषण तयार करतात. पायाच्या गोळ्यांनी पू करणारे मेले, तसे ह्या पंगतीतलेही मेले. जे उरले त्यांना तू उपाशी मारते आहेस. साबुदाणा म्हणजे नुसती खळ, ती वरच्या वर पचून जाते, त्यांच्या पानात काही पडतच नाही. मग रिकाम्या पाटांवर भलतेच येऊन बसतात, आणि पोट फुगतं, सुटतं.

दुधाचंही तसंच. आतडं हळवं झालं की दुधातली साखर पचत नाही. ताक चालतं, कारण विरजण त्यातली बरीचशी साखर आधीच खाऊन टाकतं.

तेव्हा मनानं गोळ्या घेणं बंद. दूध बंद, ताक सुरू. ज्वारीची पातळ आंबील, मुगाचं वरण, सगळं थोडं थोडं, एकदम नाही. पण त्याआधी नांदेडला जाऊन तपासून घे. आईसारखं काही असेलच असं नाही, पण न बघता बसू नकोस. पोटातल्या जंतूंना खायला घाल, आत्या. ते उपाशी आहेत.

घाईत लिहिते आहे, लॅबमधला माणूस पोस्टात निघाला आहे.

जान्हवी


औंढा नागनाथ, ३० ऑगस्ट २००२

जान्हवी,

तुला शिकवलं ते ह्यासाठी? पत्र आलं तेव्हा तुझा बाप हिंगोलीला गेला होता, मीच चष्मा लावून वाचलं. पोटात जंत झालेत म्हणतेस, तेही करोडो, आणि वर त्यांना पंगत वाढा? पाट मांडू, रांगोळी घालू? काय ही तुमची प्रयोगशाळा!

मी केशरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एवढे जंत झाले न् काहून वाट पाहून राहिल्या? उपाशी हायेत म्हंते ना पोरगी, मग आताच मरतील." मला पटलं. मेडिकलातून जंताचं औषध आणलं, वर वावडिंगाचा काढा घेतला, त्यावर एरंडेल. तिन्ही एका दिवसात. पुढचे तीन दिवस मी कुठं होते ते तुझ्या बापाला विचार, आता तो अगदी स्पष्ट शब्दांत लिहील. जंत एकही पडला नाही. हे भिंतीला टेकून लिहिते आहे.

लाज होती ती सगळी गेलीच आहे, तर बाकीचंही लिहून टाकते. परान्नाचा नेम मी धरलाच नव्हता. पुण्याची बस सगळी रात्र घेते. मध्ये कुठं थांबवा म्हणून कुणाला सांगू? बसमध्येच झालं तर? तुझ्या घरी पहिल्यांदा यायचं आणि जावयासमोर लुगडं खराब झालेलं? डोळ्यांपुढं ते येई आणि मी उठून पुन्हा परसाकडे पळे. पोट आवरत नाही हे लिहायला हात धजेना. सोवळं लिहायला काही लागत नाही, आपल्याकडं ते सगळ्यांना पटतं.

तुलाही लगेच पटलं. मी तुला न्हाऊमाखू घातलं, तापात उशाशी बसले, आणि तुला एका कार्डावर पटलं की आत्या आपल्या घरी जेवणार नाही. ते मला एरंडेलापेक्षा जास्त लागलं.

तुझ्या आईचं शेवटचं सगळं मी केलं. मरायला मी भीत नाही. पण तुझं लेकरू न बघता जायचं माझ्या जिवावर येतं. दिवसभर घरात येरझारा घालते. बसवत नाही, निजवत नाही.

आत्या


पुणे, ६ सप्टेंबर २००२

आत्या,

जंत नव्हे, जंतू! माझा उकार. घाईत लिहिलं की माझे उकार खाली पोचतच नाहीत, शाळेत त्यावरून तूच मला छड्या मारायचीस. जंत म्हणजे ते किडे, डोळ्यांना दिसणारे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. दही ज्यांच्यामुळं लागतं ते जंतू. मी म्हणत होते ते त्यांच्या भाऊबंदांना. ते जाऊ नयेत म्हणून सगळी खटपट आणि मी एका अक्षरानं तुझ्या पोटात एरंडेल घातलं.

विकास आज निघतो आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते. तो तुला नांदेडला घेऊन जाईल. जीप ठरवली आहे, बस नाही. तू नाही म्हणालीस तर तो उंबऱ्यात बसून राहील, तसं सांगून ठेवलं आहे.

हो, मला लगेच पटलं. लग्न केल्यापासून मी त्याच एका गोष्टीची वाट बघत होते, की कधीतरी तू तसं म्हणशील. म्हणून तू दुसरंच काही म्हणालीस तरी मला तेच ऐकू आलं. माझं चुकलं. तुझ्या पोटात काय चाललं आहे हे मी विचारलंच नाही.

तपासून झालं की त्याला लगेच फोन करायला सांग. मी फोनजवळून हलत नाही.

जान्हवी


औंढा नागनाथ, २२ सप्टेंबर २००२

चि. जान्हवी,

फोनवर विकासनं सांगितलंच असेल, तरी माझ्या हातानं लिहिते. तसलं काही नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी आतपर्यंत नळी घालून पाहिलं. त्या वेळी मी सगळ्या देवांची नावं घेतली आणि काही राहिली असतील तर माफ करा म्हटलं. आतडं सोलवटल्यासारखं झालंय, रक्त कमी आहे, बाकी काही नाही. बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. विकासला वाटलं, दुखतंय.

तुझा नवरा मोठा लबाड आहे बरं का. औंढ्याहून वसमतमार्गे नांदेडपर्यंत प्रत्येक गाव आलं की ड्रायव्हरला म्हणायचा, "थांबव रे, मला उतरायचंय." आणि उतरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाठ करून उभा राहायचा. मला एकदाही तोंड उघडून सांगावं लागलं नाही. येताना मी त्याला म्हटलं, तुला मधुमेह झालाय का रे? तर हसला.

डॉक्टर तुझंच सांगत होते. गोळ्या बंद, आणि पोटाला हळूहळू कामाला लावा. आधी आंबीलच, दोन दोन घोट. मग ताक, पातळ वरण, मग भाकरीचा पापुद्रा कुस्करून. पहिले काही दिवस असा गोंधळ उडाला की केशरबाईंना भिंतीपलीकडून गुरगुर ऐकू यावी. तुझ्या त्या पंगतीत भांडणं फार आहेत. पण आता परसाकडच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. काल अख्खी चतकोर भाकरी खाल्ली आणि झोपले.

उपासाचंही मी बघितलं. धान्यफराळ म्हणून आपल्यात आहेच, धान्य भाजून घेतलं की उपासाला चालतं. मग मी इतके दिवस साबुदाण्याला का चिकटून बसले? साबुदाणा जिभेला आवडतो, दुसरं काही नाही.

येईन असं मात्र लिहीत नाही. पोट बरं आहे, मन धजत नाही. रात्रीची बस म्हटलं की अजून हातपाय गार होतात. तुला खोटी आशा लावून मग कार्ड पाठवणं आता मला जमायचं नाही.

आत्या


पुणे, २७ सप्टेंबर २००२

आत्या,

वाचून मी लॅबमध्येच रडले आणि मग सगळ्यांना पेढे दिले. सगळे म्हणाले, बाळाच्या आधीच पेढे?

पाय सुजले आहेत. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर आधीही होऊ शकेल. रूपाबाई बुधवारी, नऊ तारखेला, हिंगोलीहून निघणार आहेत. मी घरातल्या घरात फिरते, कपाट लावते, पुन्हा उपसते. तुझी वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. बघते आहे. पण तुझं पोट आधी. ते सांभाळ आणि आंबील सोडू नकोस. तू नाही आलीस तर ह्या वेळी मी त्यातून दुसरा अर्थ काढणार नाही, एवढं नक्की.

जान्हवी


पुसेगावचा तांडा, ३ ऑक्टोबर २००२

चि. जान्हवी,

वरचा पत्ता बरोबर आहे. चष्मा पुसू नकोस.

तुझं पत्र परवा आलं. काल सकाळी आंबील घेतली आणि एस.टी.त जाऊन बसले. तुझ्या बापाला स्टँडवर गेल्यावर सांगितलं, नाहीतर त्यानं त्यावरही टिपणी लिहिली असती. म्हटलं, पुण्याच्या बसला भ्यायचं तर आधी जवळच्या बसमध्ये पोटाला बसवून बघू. औंढा ते हिंगोली दाराजवळची जागा धरली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पुढं या, इथं धूळ खाऊन राहिल्या." मी म्हटलं, मला धूळ आवडते. हिंगोलीच्या स्टँडवर एकदा जावं लागलं, पण ते भीतीनं असेल, कारण पुढं पुसेगावपर्यंत काही नाही.

रूपाबाई गवताचा भारा घेऊन दारात उभ्या होत्या. मला बघून भारा तिथंच टाकला. "अगं माय! इहीणबाई! निरोप न्हाई, काही न्हाई, अशा कशा आल्या तुमी?" पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच आत जाऊन सुपात कोरडा शिधा काढून आणला, डाळ, पीठ, तूप. म्हणाल्या, "तिकडं गोठ्याच्या आडोशाला चूल मांडून देते. तुमच्या हातानं करा. तुमचं सोवळं आमाला ठावं हाय." अगदी सरळ मनानं म्हणाल्या गं. त्यांच्या दारी आपल्यातलं कुणी आलं की असंच करत आले असतील.

मी म्हटलं, चूल नको, तुम्ही जेवणार तेच वाढा, फक्त तिखट कमी घाला.

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ताक. पहिल्या घासाला माझा हात थबकला. खोटं कशाला लिहू? सोवळ्यानं थबकला की पोटाच्या भीतीनं, माझं मलाच कळलं नाही. साठ वर्षांची सवय आहे, ती काय विचारून येते? रूपाबाई बघत होत्या. त्यांचा चेहरा बघितला आणि मला तुझं ते ऑगस्टातलं पत्र आठवलं. घास तोंडात घातला, आणि खाता खाता त्यांना सगळं सांगून टाकलं. काटा, गोळ्या, परस, दोडके, एरंडेल, बस, सगळं. त्या आधी ऐकत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या की पदर तोंडाला लावला तरी आवरेना. म्हणाल्या, "न् मी समजून बसले, आमच्या हातचं नको म्हणून तुमी पोरीकडं जाऊन न्हाई राहिल्या. रोज मनात बोल लावला तुमाला." मी म्हटलं, लावा, तुमच्या सुनेनं तर कागदावर लावला.

मला मोठी धास्ती होती ती सकाळची. तांड्यावर संडास नाही, शेताकडं जायचं. रूपाबाई स्वतःच उठून आल्या, "चला, मी हाव ना," म्हणाल्या, आणि दोघींचे तांबे घेऊन पुढं चालायला लागल्या. बाजरीच्या पलीकडं एकीकडं त्या, एकीकडं मी, आणि मध्ये त्यांची बडबड चालू. जी गोष्ट तुला लिहायला मला उन्हाळा आणि पावसाळा लागला, ती ह्या बाईपुढं लपवायची राहिलीच नाही. आता दुपार झाली. पुन्हा भाकरी खाल्ली आहे. पोट गुरगुरतं, पण जागेवर आहे.

बुधवारी हिंगोलीहून आम्ही दोघी निघतो. घरचे घट बसवून येते, रोजची माळ घालायला तुझ्या बापाला शिकवून ठेवते. वाटेत गाडी थांबवायची वेळ आलीच तर रूपाबाई म्हणतात, "डायव्हर काय करतो, मी त्याच्यासमोर उभी राहते." बाळाला पहिलं न्हाऊ कुणी घालायचं यावरून आमचं भांडण सुरू झालं आहे, ते तिथं येऊन मिटवू.

भीती गेली असं समजू नकोस. ती आहेच. तिला घेऊनच बसमध्ये बसते आहे. गुरुवारी सकाळी पोचतो. बाळंतपणाला तर येतेच आहे, पण त्याआधी जेवायला येते आहे, जान्हवी. विकासच्या शेजारी माझं पान मांड.

आत्या